कुंपणावरून परत

बफेलो शहरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही त्या मॅचबद्दल विचारा, पहिलं वाक्य मॅचबद्दल नसतं. आपण तेव्हा कुठे होतो, तिथूनच सगळे सुरुवात करतात. कुणी गाडीत होतं, कुणी सासरी जेवायला गेलं होतं, कुणी तळघरात रेडिओ लावून कपड्यांना इस्त्री करत होतं. मी तिथल्या विद्यापीठात शिकत असताना ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो, त्या घरमालकांचं पहिलं वाक्य होतं, ‘मी उठून निघालो होतो.’

हे सांगताना त्यांनी स्वयंपाकघरातल्या खणातून एक तिकीट काढून टेबलावर ठेवलं. कडा मऊ पडलेल्या, एका कोपऱ्यावर कॉफीचा डाग. बफेलोचे बिल्स विरुद्ध ह्यूस्टनचे ऑयलर्स, रिच स्टेडियम, ३ जानेवारी १९९३. खाली विभाग, रांग, खुर्चीचा क्रमांक. बाहेर बर्फ पडत होता आणि त्यांनी दोन बोटांनी ते तिकीट माझ्याकडे सरकवलं, एखादा जन्मदाखला दाखवावा तसं.

त्यानंतर मी तो सामना टेपवर इतक्या वेळा पाहिला की त्यातले काही क्षण आता मला पाठ आहेत. एखादी कविता वाचावी तसाच तो वाचायला हवा, असं मला वाटत आलं आहे. कारण निकाल सगळ्यांना माहीत असतो, तरी प्रत्येक वेळी जीव अडकतो. बफेलोतले लोक त्याला नुसतं ‘द कमबॅक’ म्हणतात. कोणतं, हे विचारावं लागत नाही.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाऊन, म्हणजे सहा गुण, आणि त्यावर एका किकचा एक. लांबून खांबांमधून चेंडू मारला तर फील्ड गोल, त्याचे तीन. टचडाऊननंतर एकाऐवजी दोन गुण मिळवायची सोय या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये १९९४ साली आली, त्या दिवशी ती नव्हती. म्हणजे बत्तीस गुणांनी मागे पडलेल्या संघाला पुढे जायचं, तर किमान पाच वेळा गुण मिळवायला हवेत आणि तेवढ्या वेळात समोरच्याला एकही मिळू द्यायचा नाही. हे गणित डोक्यात ठेवलं तरच पुढचं सगळं नीट दिसतं.

आठवडाभरापूर्वी याच ऑयलर्सनी ह्यूस्टनमध्ये बफेलोला २७-३ असं हरवलं होतं. त्याच सामन्यात बफेलोचा पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा सूत्रधार, जिम केली याचा गुडघा दुखावला. बचावाचा आधारस्तंभ कॉर्नेलियस बेनेटही जायबंदी. आणि हा सामना प्लेऑफचा, म्हणजे हरलात की घरी. अशा सामन्याला मुदतीत सगळी तिकिटं खपली नाहीत, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे ७२ तास आधी स्टेडियम पूर्ण विकलं गेलं नाही, तर त्या गावात टीव्हीवर सामना दाखवत नसत. त्यामुळे बाकी अमेरिकेनं जे डोळ्यांनी पाहिलं, ते बफेलोनं कानांनी ऐकलं. स्टेडियममधली पंचाहत्तर हजार माणसं सोडली तर सगळं शहर रेडिओपाशी होतं आणि रेडिओवर व्हॅन मिलर यांचा आवाज होता. बफेलोच्या फुटबॉलचा तोच आवाज, वर्षानुवर्षांचा.

मला वाटतं, त्या आठवणींचा पोत यातून आला आहे. रेडिओवर क्रिकेट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. ऐकलेल्या सामन्यातलं मैदान आपणच आखलेलं असतं, चेंडूची उंची आपणच ठरवलेली असते. म्हणून माझ्या घरमालकांचे शेजारी, ज्यांनी त्या दिवशी काहीच पाहिलं नाही, तेही बोलताना हात वर करून चेंडू कुठून कुठे गेला ते दाखवतात. नंतर टेप पाहिल्या असणारच, पण हात रेडिओचे आहेत.

पहिल्या अर्ध्यात वॉरन मून या ह्यूस्टनच्या क्वार्टरबॅकनं चार टचडाऊन पास टाकले. २८-३. हा भाग चाहते एका वाक्यात उरकतात, पण मला तो उरकू नये असं वाटतं. मून काय दर्जाचा खेळाडू होता! कॉलेजात रोझ बोल हा मानाचा सामना जिंकूनही एका कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकवर विश्वास टाकायला त्या काळात लीगमधला एकही संघ तयार नव्हता. तो कॅनडात गेला, तिथं एडमंटनकडून पाच वेळा अजिंक्यपद मिळवलं आणि १९८४ साली ह्यूस्टनला आला. त्या दुपारी त्याचा प्रत्येक पास जिथं जायला हवा तिथं जात होता, पकडणाऱ्याच्या हातात अलगद ठेवल्यासारखा. पहिल्या अर्ध्यातला बहुतेक वेळ चेंडू ह्यूस्टनकडेच होता. बफेलोचे खेळाडू नुसते उभे राहून थंडी खात होते.

मध्यंतरानंतर दोन मिनिटंही झाली नव्हती. बफेलोचा बदली क्वार्टरबॅक फ्रँक राइक यानं टाकलेला चेंडू आपल्याच खेळाडूच्या हाताला लागून उडाला, ह्यूस्टनच्या बबा मॅकडॉवेलनं तो पकडला आणि अठ्ठावन्न यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला. ३५-३. ह्यूस्टनच्या रेडिओवर समालोचक म्हणाले की स्टेडियमचे दिवे आता बिल्ससाठी मालवायला हरकत नाही. याच वेळी माझे घरमालक उठले. त्यांच्यासारखे हजारो उठले.

आता इथं मला थांबायचं आहे, कारण परतीची सुरुवात मोठ्या पराक्रमानं झाली नाही. ती वाऱ्यानं झाली. गुण मिळवलेल्या संघानं किक मारून चेंडू समोरच्यांना द्यायचा असतो. ह्यूस्टनचा अल डेल ग्रेको किक मारायला धावला आणि ऐन वेळी एरी सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यानं ठोकळीवरचा चेंडू हलला. किक फसली, चेंडू सरपटत मधेच गेला आणि बफेलोला मैदानाच्या मध्यावर मिळाला. टेपवर हा क्षण दोन सेकंदांचा आहे. प्रेक्षकांत कुणी ओरडत नाही. पण मी तो थांबवून थांबवून पाहिला आहे. काही कवितांमध्ये पहिल्या कडव्यात एक साधा शब्द पडलेला असतो, पहिल्या वाचनात नजरेतून निसटतो, आणि शेवटी कळतं की सगळं त्यावर तोललेलं होतं. ही किक तशी आहे.

पन्नास यार्ड. राइकनं घाई केली नाही. एक-एक छोटी खेळी करत संघ पुढे गेला आणि केनेथ डेव्हिसनं शेवटचा एक यार्ड ढकलून पार केला. ३५-१०. थर्मन थॉमस हा बफेलोचा सर्वांत धोकादायक धावपटू तोवर कंबर दुखावून बाहेर बसला होता. म्हणजे क्वार्टरबॅक बदली, धावपटू बदली. ज्यांच्या नावानं तिकिटं खपतात ते बाकावर होते.

घरमालक तेव्हा पार्किंगमध्ये गाडीत बसले होते, हीटर लावून, रेडिओ चालू. गाड्यांची रांग हलत नव्हती. दहा गुण झाल्याचं ऐकून बरं वाटलं, म्हणाले. लाज राखली एवढंच.

त्यानंतर स्टीव्ह क्रिस्टीनं मुद्दाम आखूड किक मारली. दहा यार्ड पार केल्यावर तो चेंडू कुणीही घेऊ शकतं, पण असा चेंडू मारणाऱ्या संघाला क्वचितच मिळतो. क्रिस्टीनं स्वतः मारलेला चेंडू स्वतःच झडप घालून मिळवला. किक मारणारा माणूस, ज्याच्या अंगाला एरवी मातीही लागत नाही, तो गर्दीत उडी मारतो. थोड्याच वेळात राइकचा अडतीस यार्डांचा पास डॉन बीबीनं पकडला. ३५-१७.

बीबीचा पाय. बफेलोत हा विषय काढला की सगळे क्षणभर गप्प होतात. धावताना त्याचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला होता आणि नियमाप्रमाणे तो पास रद्द व्हायला हवा होता. पंचांना दिसलं नाही. आदल्याच वर्षापर्यंत चित्रफीत पाहून निर्णय फिरवायची पद्धत होती, १९९१च्या हंगामानंतर ती बंद केली गेली आणि पुन्हा आली ती थेट १९९९ साली. मधल्या फटीत हा टचडाऊन बसला. मी घरमालकांना विचारलं. ते म्हणाले, ‘हो. बाहेर होता.’ बचाव नाही, सबब नाही. ह्यूस्टनचा कुणी चाहता समोर असता तर त्यानं हे सगळ्यात आधी काढलं असतं आणि त्याचं बरोबरच होतं. चाहत्यांच्या आठवणीत खोटेपणा असतो असं म्हणतात. या आठवणीत मला तो सापडला नाही. पाय बाहेर पडला, हे ते सांगतात आणि मग पुढची खेळी सांगतात.

पुढची खेळी, आणि त्यापुढची. ह्यूस्टनला चेंडू परत द्यावा लागला, तो देताना मारलेली लांब किक, म्हणजे पंट, आखूड पडली, राइकनं आंद्रे रीडला सव्वीस यार्डांचा पास दिला. ३५-२४. मूनचा पास उडाला, हेन्री जोन्सनं मधेच पकडला. बफेलो पुन्हा ह्यूस्टनच्या दारात. मग तीन प्रयत्न वाया गेले. चौथा प्रयत्न, पाच यार्ड बाकी, अठरा यार्डांवर टचडाऊन. साधा हिशेब सांगतो, फील्ड गोल मारा, तीन गुण घ्या. प्रशिक्षक मार्व्ह लीव्ही यांनी हिशेब बाजूला ठेवला. लीव्ही हार्वर्डमधून इंग्लिश इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेतलेला, मृदू बोलणारा माणूस. मध्यंतरात खोलीत त्यांनी आरडाओरडा केला नव्हता. तो बचावाच्या प्रशिक्षकानं केला. लीव्हींनी मुलांना इतकंच सांगितलं की तुम्ही मैदान सोडून दिलंत असं कुणाला म्हणू देऊ नका. आणि आता चौथ्या प्रयत्नात तेच सांगणं निर्णय होऊन समोर आलं. राइकनं फेकला, रीडनं पकडला. ३५-३१.

सात मिनिटांहून कमी खेळात अठ्ठावीस गुण. विलंबित ख्याल ऐकता ऐकता गायक अचानक द्रुतमध्ये गेला आणि आपल्याला ठेका धरायलाही वेळ मिळाला नाही, असं काहीसं होतं. टेपवर या वेळचा गोंगाट ऐकावा. सुरुवातीच्या टचडाऊनला तो विखुरलेला आहे, रिकाम्या खुर्च्यांमधून येणारा. चौथ्या टचडाऊनला तो भरीव झाला आहे. मधल्या वेळात माणसं परत आली होती.

घरमालक त्यातले एक. दुसऱ्या टचडाऊनला त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं. तिसऱ्याला ते फाटकापाशी होते आणि फाटकावरचा माणूस एकदा बाहेर गेलेल्यांना आत सोडत नव्हता. आतून गर्जना आली. काय झालं ते बाहेर कुणालाच कळेना, एकाकडे खिशातला रेडिओ होता, त्याच्याभोवती सगळे गोळा झाले. मग लोक कुंपणावर चढू लागले. ‘माझं वय तेव्हा एकेचाळीस होतं,’ ते म्हणाले आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून, खांदे वर करून दाखवलं, जाळी कशी पकडली, पाय कुठे अडकवला. त्या हालचालीत मी फक्त त्यांचे हात पाहिले. कातडी सैल झालेली, पण पकड अजून तीच. पुढे अधिकाऱ्यांनी लोकांना आत सोडलं असं ते सांगतात. पण ते कुंपणावरूनच आत आले होते.

फ्रँक राइकबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. सात हंगाम तो केलीच्या मागे उभा होता. कॉलेजात असताना, नोव्हेंबर १९८४ मध्ये, मेरिलँडच्या संघातही तो बदलीच होता. मायामीविरुद्ध ३१-० अशी पिछाडी असताना मध्यंतरानंतर त्याला पाठवलं गेलं आणि मेरिलँडनं ४२-४० असा सामना जिंकला. त्या काळी कॉलेज फुटबॉलमधलं ते सर्वांत मोठं पुनरागमन होतं. एकाच माणसानं दोन्ही ठिकाणी, दोन्ही वेळा बदली म्हणून! टेपवर त्याचा चेहरा पाहावा. ३५-३ ला तो जसा आहे, तसाच ३५-३१ ला आहे. रांगेत उभं राहायची सवय असलेल्या माणसाचा चेहरा. त्याची एरवीची नेमणूक काय होती, तर किक मारणाऱ्यासाठी गुडघ्यावर बसून चेंडू धरणं. १९९१च्या जानेवारीत, सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, स्कॉट नॉरवूडची सत्तेचाळीस यार्डांची शेवटची किक उजवीकडून बाहेर गेली आणि बफेलो २०-१९ हरलं, तेव्हाही चेंडू राइकनंच धरला होता.

चौथ्या क्वार्टरमध्ये वाऱ्याचा आणि हाताच्या घसरण्याचा आणखी एक खेळ झाला. ह्यूस्टन फील्ड गोल मारायला आलं, चेंडू धरणाऱ्याच्या हातून निसटला आणि बफेलोला मिळाला. डेव्हिस पस्तीस यार्ड धावला. रीडनं सतरा यार्डांचा पास पकडला, त्या दुपारचा त्याचा तिसरा टचडाऊन. ३८-३५. घड्याळात तीन मिनिटं आठ सेकंद.

इथं जवळजवळ सगळे चाहते गोष्ट संपवतात. आणि इथंच माझा त्यांच्याशी थोडा वाद आहे. कारण यानंतर वॉरन मूननं जे केलं, त्याशिवाय हा सामना पुरा होत नाही. आपली बत्तीस गुणांची आघाडी डोळ्यांदेखत विरघळलेली, पंचाहत्तर हजार माणसं तुमच्या विरोधात ओरडतायत, तुमच्या हाताखालचा संघ हादरलेला, आणि तुम्ही शांतपणे त्रेसष्ट यार्ड पुढे जाता, बारा सेकंद उरली असताना फील्ड गोल मिळवता. ३८-३८. ह्यूस्टनमध्ये हा सामना ‘चोक’ म्हणून ओळखतात, गळा आवळला गेल्याचा सामना. मूनच्या त्या शेवटच्या चढाईला हे नाव लागू पडत नाही. पन्नास पासांपैकी छत्तीस पूर्ण केलेला माणूस त्या दिवशी हरला, इतकंच. घरमालकांना हे मी म्हटलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘बारा सेकंदं. तेव्हा मला वाटलं, आपण उगाच परत आलो.’

मला वाटतं, त्यांनी मला सांगितलेलं हे सर्वांत खरं वाक्य. परत येणं फुकट जाईल, ही भीती निघून जाण्याच्या लाजेपेक्षा मोठी असते.

बरोबरी झाल्यानं सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि त्याची नाणेफेक ह्यूस्टननं जिंकली. तेव्हा पहिले गुण मिळवणारा जिंके. मूनचा पास बफेलोच्या नेट ओडोम्सनं पकडला आणि वर ह्यूस्टनच्या खेळाडूची पेनल्टी लागून चेंडू वीस यार्डांवर आला. डेव्हिस दोनदा धावला. मग क्रिस्टी आला, आणि राइक गुडघ्यावर बसला. बत्तीस यार्ड. तीच बोटं, तेच चेंडूची शिवण फिरवून धरणं, आणि यावेळी चेंडू खांबांच्या मधून गेला. ४१-३८. टेपवर क्रिस्टीपेक्षा राइककडे पाहावं. तो चेंडू पाहत नाही, आधी क्रिस्टीच्या पायाकडे पाहतो आणि मग हात वर करतो.

पुढं काय झालं ते थोडक्यात. बफेलोनं पिट्सबर्ग आणि मायामीला हरवलं आणि सुपर बोलमध्ये डॅलसकडून ५२-१७ असा सपाटून मार खाल्ला. सलग चार सुपर बोल हरलेल्या त्या संघाला आजवर तो किताब मिळालेला नाही. ऑयलर्स १९९७ मध्ये ह्यूस्टन सोडून टेनेसीला गेले. बत्तीस गुणांचा तो विक्रम डिसेंबर २०२२ मध्ये मिनेसोटानं एका गुणानं मोडला, आणि ज्यांच्याविरुद्ध मोडला त्या इंडियानापोलिसच्या संघाचा प्रशिक्षक महिना-सव्वा महिना आधीपर्यंत फ्रँक राइक होता. प्लेऑफमधला विक्रम अजून बफेलोचाच आहे.

त्या काळात बफेलोही ओसरत चाललं होतं. १९५० मध्ये पाच लाख ऐंशी हजार लोकवस्ती असलेलं हे शहर १९९० पर्यंत तीन लाख अठ्ठावीस हजारांवर आलं होतं. शेजारच्या लॅकवानातला पोलादाचा मोठा कारखाना १९८३ मध्ये बहुतेक बंद झाला. लोक कामाच्या शोधात दक्षिणेला गेले, त्यात घरमालकांचे दोन भाऊ होते. एक भाऊ ह्यूस्टनला. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता, असं ते सहज बोलून गेले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

तिकीट परत खणात ठेवण्याआधी त्यांनी ते उलटसुलट केलं. त्यावरच्या खुर्चीवरून त्यांनी शेवट पाहिला नव्हता. कुंपणावरून उतरल्यावर जी पायरी रिकामी होती तिथं ते उभे राहिले, शेजारी एक अनोळखी बाई. क्रिस्टी किक मारायला आला तेव्हा तिनं त्यांचं मनगट धरलं. चेंडू हवेत असेपर्यंत सोडलं नाही. रात्री घरी गेल्यावर मनगटावर चार नखांच्या खुणा होत्या, त्यांनी डाव्या हाताची बाही वर करून मला जागा दाखवली.